मास्तरांनी लिहिलेला नियम

आवाज न चढवता माणसाला सोलून काढावं ते मास्तरांनीच. मुरुम गावचे हे निवृत्त तंत्रशिक्षक. मी दोन महिने खपून लिहिलेला कोड त्यांनी ऑनलाइन बैठकीत सगळ्यांदेखत उघडला आणि मला म्हणाले, "यात ठेवण्यासारखं काय हाय, ते तुमीच दाखवा." मग परगावच्या लोकांना तेच इंग्रजीत नीट समजावून सांगितलं.

मी बसस्टँडवर मोबाइलची कव्हरं विकत वर आलेला माणूस. कोड शिकलो तो मास्तरांच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या बायको, आमच्या काकू, वर्षभर मलाही वाढत होत्या. पुढं दुकानांच्या वेबसाइट बनवायचा धंदा उभा केला. तो ज्या फ्रेमवर्कवर उभा होता, वेबसाइटचा तो फुकटचा, कुणीही दुरुस्त करावा असा सांगाडा, तो बनवणाऱ्या कंपनीनं एक दिवस हात झटकले. मास्तर म्हणाले, "आता वापरणाऱ्यांनीच चालवायचं." मी फोन करकरून माणसं जमवली, मास्तरांनी नियम लिहिले. त्यातला त्यांचा लाडका नियम असा की, ठराव तीन दिवस खुला ठेवायचा, हरकत आली नाही तर मंजूर. "ज्याला बोलायचं हाय तो बोलतो," म्हणायचे.

कोडमधल्या बदलांना मंजुरी मास्तर द्यायचे. माझ्या गिऱ्हाइकांना हवा असलेला बदल मात्र त्यांनी तीनदा परत केला. मी नवा लॅपटॉप घेऊन घरी गेलो. खोकं न उघडताच त्यांनी माझ्याकडं सरकवलं. "शेठ, इथं तराजू न्हाय." मी चहा तसाच टाकून निघालो. आठवड्यानं त्यांनी माझ्या चुका समजावणारी चार पानं हातानं लिहून पाठवली. त्या पानांच्या जोरावर मी आज जेवतो. तो अपमानही गिळलेला नाही.

पुढं कुणीतरी ठराव मांडला: सहा महिने काम न केलेल्यांचे मंजुरीचे हक्क काढावेत. ते सहा महिने मास्तर सोलापूरच्या दवाखान्यात काकूंच्या उशाशी होते. आमच्यापैकी हे फक्त मला माहीत होतं. मी एक ओळ लिहिली असती तरी ठराव थांबला असता. तिन्ही दिवस मी तो रोज उघडून पाहिला आणि बंद केला. चौथ्या दिवशी मास्तरांचं नाव निघालं, आणि त्या जागेवर मी आलो.

महिनाभरानं त्यांचा फोन आला. "नियम बरोबर हाय, मीच लिहिलाय. पण मी कुठं होतो, ते तुमाला ठावं होतं ना?"

मी म्हणालो, कामात होतो.

"व्हय, असाल." मग काकू गेल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

आता फ्रेमवर्क जोरात चालतंय. मास्तर बाहेरच्या माणसासारखी दुरुस्ती पाठवतात, मंजुरीसाठी ती माझ्याकडं येते. पंधरा दिवस तिच्यात चूक शोधतोय. एकही नाही. तरी अजून मंजूर केलेली नाही.