पेव्याची जागा

कोसबाडजवळच्या रोपवाटिकेतला हा माळी बोलताना समोरच्याकडे पाहत नाही. त्याचे हात ओल्या वाळूत असतात. ओहळाकाठी सावलीत वाढणाऱ्या, पांढऱ्या फुलांच्या पेव्याचे दांडे तो वीतभर कापतो आणि वाळूत आडवे निजवतो. उभे का नाही, असं मी विचारलं. "निजला की पेऱ्यापेऱ्याला फुटतो," तो म्हणाला.

तलासरीकडच्या ज्या ओहळावरून त्याने हा पेवा आणला, तो रस्त्याच्या भरावाखाली गेला. तिथला पेवा आता त्याच्या वाफ्यातच उरला आहे.

त्यातलं एक रोप त्याने मला दिलं. नरपडला घराच्या फाटकाशी, पाहुण्यांना दिसेल असं मी ते लावलं. आठवड्याने तो आला, तेव्हा पानं उन्हाने करपली होती.

"साहेब, याला राखणीला बसवलाय काय?"

मी हसलो. त्याने कुदळ मागितली आणि मातीच्या गोळ्यासकट रोप काढून पिशवीत ठेवलं.

"न्हाणीमागे सावलीत लावतो," मी म्हणालो.

"लावाल. पण तिकडं पावणे येत नाय. मग तुमी तरी कशाला जाल?"

मी त्याला थांबवलं नाही.