चहाचा रकाना

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. सुमनचं नाव निघालं की मी उठून स्वयंपाकघरात जाते, ते दुःखानं जाते असं त्याला वाटतं. मी तसं वाटू दिलंय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही ओळखीचे नाही — ओळखीच्या माणसापुढे हे तोंडातून निघालंच नसतं.

मी पांढरकवड्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सुमन आमच्या प्रयोगशाळेत परिचर होती. काचेची भांडी धुणं, कुंड्यांना पाणी घालणं आणि दुपारी सगळ्यांचा चहा. तिच्याशिवाय त्या खोलीतलं पान हलत नसे. तिचं माहेर केळापूरच्या पलीकडे, जंगलाला लागून. मी झाड ओळखायचे ते पान, फूल, फळ बघून, पुस्तक उघडून. ती नुसतं खोडावरून बोट फिरवून सांगायची. याचा मला राग यायचा — आता सांगायलाच बसलेय तर हेही सांगून टाकते.

धावड्याच्या झाडाची साल तिनंच आणून दिली. तिच्या गावाकडे जखम धुवायला वापरायचे. मी अर्क काढला. त्यात पॉलिफेनॉल भरपूर निघाले — आवळा किंवा हिरडा चावल्यावर तोंड आखडतं ना, ते त्यांच्यामुळंच. त्यांनी सूज उतरते का, कर्करोगाच्या पेशी मरतात का, यावर जगभर काम चालू आहे. ते काम खोटं नाही. पण चालू आहे, एवढंच खरं आहे.

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी अर्काच्या बाटल्या पाठवल्या. प्लास्टिकच्या ताटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर तो अर्क टाकून बघायचा होता. सोबत एक बाटली चहाची दिली. सुमनच्या पातेल्यातला कोरा चहा, दूध घालायच्या आधी काढलेला. चहातही पॉलिफेनॉल असतात, म्हणून तुलनेला काहीतरी साधं शेजारी असावं, इतकाच विचार. त्या दिवशी मी शास्त्रज्ञासारखी वागले होते. पुढे त्याचाच किती पस्तावा झाला!

निकाल आला. सालीनं पेशी मेल्या होत्या. चहानंही मेल्या होत्या — जवळजवळ तेवढ्याच.

याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळला असता. ताटलीत इतका दाट काढा ओतल्यावर पेशी मरणारच. त्यातलं पोटातून रक्तात किती उतरतं, हा वेगळाच प्रश्न. पेशी मेल्या म्हणजे औषध सापडलं असं धरलं, तर आमच्या बसस्टँडवरची टपरी म्हणजे दवाखानाच म्हणायचा. मला कळलं होतं. त्याच दुपारी कळलं होतं. आणि मी तक्त्यातून चहाचा रकाना काढून टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

का केलं? बढतीसाठी? हो, तेही होतं. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. पन्नाशी आली होती. मला कुणी मोठं म्हणून विचारलं नव्हतं — सासरी नाही, कॉलेजातही नाही. एकदा तरी कुणीतरी आपल्याकडे मान वर करून बघावं, असं वाटायचं.

शोधनिबंध छापून आला. मग इथल्या वर्तमानपत्रात बातमी — धावड्याच्या सालीनं कर्करोग बरा होणार. 'बरा होणार' हे शब्द माझे नव्हते. पण मी फोन करून ते खोडूनही काढले नाहीत. शाल आली, नारळ आला, प्राचार्यांचं भाषण झालं. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही पदर खोचून चढले. बातमीचं कात्रण सुमननंच फ्रेम करून प्रयोगशाळेत लावलं. साल तिच्या माहेरची, बातमीत तिचं नावही नव्हतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं, नाही का?

दोन वर्षांनी सुमनच्या छातीत गाठ निघाली.

तिनं आधी मलाच येऊन सांगितलं. मी तिला यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, ऑपरेशन करू, मग इंजेक्शनं देऊ, बरी व्हायची चांगली आशा आहे. मी शेजारच्या खुर्चीत बसून हे ऐकलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

पुढच्या सोमवारी मी वह्या तपासत होते. ती समोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी काई ऑपरेशन करत नाही जी. भावानं साल आणून देल्ली. सुरू केली म्या."

मी म्हटलं, साल घे, पण ऑपरेशनही कर.

"काहून? काम नाही करत का साल?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. दोन वाक्यं पुरली असती — सुमन, तुझ्या चहानंही तेवढंच झालं होतं. मी ते लपवलं. ती ओरडली नसती. कुणाला जाऊन सांगितलंही नसतं. फक्त माझ्याकडे बघण्याची तिची नजर बदलली असती. एवढंच गेलं असतं माझं.

"करते," मी म्हटलं.

हाच तो शब्द. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरत होते.

ती हसली आणि परीक्षानळ्या धुवायला गेली. नंतर मी चार-पाचदा म्हटलं, ऑपरेशनचं बघ गं. पण 'करते' म्हणून बसल्यावर त्या बोलण्याला कोण विचारतं? रोज सकाळी ती काढा पिऊन कामावर यायची. मी बघायचे आणि मूग गिळून बसायचे. मग गाठ फुटली. पुन्हा नागपूरला नेलं तेव्हा तेच डॉक्टर म्हणाले, मधले महिने कुठे होता? मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी शेवटी मी तिच्या घरी गेले. खोलीत वास भरला होता. तिचा नवरा उशाशी बसून वारा घालत होता. मी ठरवून गेले होते — आज सांगायचं. पण तीच आधी बोलली.

"माझीच चूक झाली मॅडम. भाचीच्या लग्नात गेलती, तं आठ दिवस नागा झाला सालीचा. तुमचं औषध म्याच बिघडवलं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मी साल घेत होती म्हनून कोनाले सांगू नोका. मॅडमचं नाव खराब होते."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, असू दे. म्हणजे मी तिला माफ केलं. कळलं ना तुम्हाला? मी — तिला.

नऊ दिवसांनी ती गेली.

तिचा नवरा आठवडी बाजारात भेटतो कधीमधी. गर्दीतून वाट काढत जवळ येतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "मॅडम, अजून कोनाले सांगतलं नाही जी म्या."

मी 'बरं' म्हणते.