रस्त्यावर न सापडलेली राख

कोळशावर धावणारी ती लॉरी आणि तिच्यात थाटलेला संसार मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ओंजळभर राखेने सुटलेले हे प्रकरण मात्र स्वच्छ आठवते.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नंदुरबारच्या ठाण्यावर मी फौजदार म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मी घाटावरचा. इथली अहिराणी कानाला गोड लागे, पण निम्मी डोक्यावरून जाई, म्हणून जबाब घेताना जवळ एक स्थानिक हवालदार बसवून घेत असे. पेट्रोल मिळेनासे झाले होते. त्यामुळे लॉऱ्यांना लोखंडी भट्ट्या बसवल्या होत्या. भट्टीत कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचे. चढ आला की गाडी धापा टाकी. मधूनमधून थांबून भट्टी झाडावी लागे, नाहीतर गाडी जागची हलत नसे. रस्त्याकडेला राखेचा ढीग दिसला की ओळखावे, इथे लॉरी थांबली होती.

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली होती. आमच्या गावच्या एका शेठने तिथे कापडाचे दुकान लावले होते. कापड कंट्रोलचे, सरकारी परवान्यावर मोजून मिळणारे, म्हणजे सोन्याच्या मोलाचे. शेठच्या गोदामातून त्याचीच लॉरी गठ्ठे घेऊन निघाली आणि सारंगखेड्याला उशिरा पोचली. उतरवून पाहतात तो गठ्ठे कमी. शेठ तावातावाने फिर्याद द्यायला आला. त्याचा संशय सरळ ड्रायव्हरवर होता.

ड्रायव्हर पंचविशीचा. बाप बैलगाड्या हाकायचा. भावांच्या वाटण्यांत याच्या वाट्याला काही आले नाही, तेव्हा लॉरीवर क्लीनर म्हणून लागला, भट्टी फुंकता फुंकता स्टेअरिंग शिकला आणि दिवाळीनंतर लायसन काढून ड्रायव्हर झाला. चोरीचा डाग लागला असता तर लायसन गेलेच असते, आणि त्या काळी एकदा बदनाम झालेल्या ड्रायव्हरला दुसरा मालक दारात उभा करीत नसे.

शेठच्या पाठोपाठ एक खबऱ्या आला. म्हणाला, रनाळ्याजवळच्या एका खळ्यावर लॉरी वळली, गठ्ठे उतरले, मी डोळ्यांनी पाहिले. वेळ विचारली तर सांगितले, गुरे दुपारच्या पाण्याला निघाली तेव्हाची. खबर पक्की वाटत होती. एकच गोष्ट खटकली. खबरी माणूस फुकट बोलत नाही, आणि हा तर चहाही न घेता बोलून गेला. मी ते मनात ठेवले.

ड्रायव्हरला बोलावून चौकशी सुरू केली. कुठे राहतोस, हा पहिलाच प्रश्न. जबाबात ‘राहणार’ या शब्दापुढे काहीतरी लिहावेच लागते.

“हाई गाडीच मन्हं घर शे, साहेब,” तो म्हणाला.

हवालदाराने त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने चंद्रावरचा पत्ता दिला. शेवटी बापाचे गाव लिहून आम्ही पुढे सरकलो. उशीर का झाला? भट्टी तुंबली होती. कुठे थांबलास? दोंडाईच्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून विहीर आहे, तिथे. रनाळ्याला? कुठेच नाही. बरोबर कोण होते? यावर तो क्षणभर अडखळला आणि म्हणाला, कोणी नाही.

मी हवालदाराला सायकलवर त्या विहिरीकडे पाठवले. तो परत येऊन म्हणाला, तिथे राखेचा कणसुद्धा नाही. म्हणजे भट्टी झाडली नाही, म्हणजे तो थांबलाच नाही, म्हणजे उशीर दुसरीकडे झाला. हिशोब सरळ होता. मी ड्रायव्हरला कोठडीत घातले.

मग पंचांसमक्ष लॉरीची झडती घेतली. सीटखाली गोणपाटात गुंडाळलेले एक बोचके निघाले. त्यात तवा, पोळपाट, एक बायकी फणी आणि कुंकवाचा करंडा. हे कोणाचे, असे विचारल्यावर ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, माझेच. हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “दाढी कुंकवाने करतोस काय रे?” पंच हसले. ड्रायव्हर हसला नाही, आणि त्याच्याकडे पाहून माझेही हसू राहून गेले. कसलेला चोर अशा वेळी दहा गोष्टी रचतो. याला एक धड खोटे बोलता येत नव्हते. त्याच्या सदऱ्याच्या खांद्याला ठिगळ होते. त्याचे टाके इतके बारीक आणि सरळ होते की ते कोणीतरी मायेने घातलेले दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या पायरीशी एक तरुण बाई येऊन उभी राहिली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. ती सारंगखेड्याहून मिळेल त्या बैलगाडीने आणि उरलेली वाट पायी आली होती. नवऱ्याला पोलिसांनी नेल्याचे तिला यात्रेत कळले होते, आणि हवालदार राख शोधून गेल्याचे वाटेत त्या विहिरीवर. पहारेकऱ्याने हटकले तरी हलेना. मी तिला आत घेतले.

“साहेब, मन्हा नवरा चोर नही शे,” ती म्हणाली. “गाडीमा मी बी व्हती. ती राख मी दिन्ही.”

राख दिली म्हणजे काय, हे मला कळेना. हवालदाराने खोदून विचारले तेव्हा सगळा उलगडा झाला. लग्न झाल्यावर दिराच्या ओसरीवर पडून राहण्यापेक्षा नवऱ्याबरोबर फिरायचे तिने ठरवले होते. पण शेठचा कडक नियम, लॉरीवर बाईमाणूस नको. म्हणून ती नाक्याच्या पुढे गाडीत चढे आणि पोचायच्या गावाअलीकडे उतरे. वाटेत मुक्काम पडेल तिथे तीन दगडांची चूल मांडायची, ताडपत्रीखाली झोपायचे. भट्टी झाडली की राख ती पत्र्याच्या घमेल्यात भरून घेई. वाटेवरच्या गावांतल्या बायका त्या राखेची वाट पाहत. भांडी घासायला, कडधान्याला लावून ठेवायला लोणारी, म्हणजे लाकडी कोळशाची बारीक राख त्यांना फार आवडे. बदल्यात कोणी वांगी देई, कोणी मिरच्या, कोणी पाण्याचा हंडा भरून देई. घर नसलेल्या त्या बाईला प्रत्येक थांब्यावर शेजारणी होत्या.

“त्यानी मन्हं नाव का सांगं नही, माले माहीत शे,” ती म्हणाली. “मालकले समजनं ते नोकरी जाई. पन आते नोकरी लईसन काय करनं? मानूसच कोठडीमा शे.”

मी तिला आणि खबऱ्याला बरोबर घेऊन विहिरीवर गेलो. विहिरीजवळच्या वस्तीत पहिल्याच घरात एका म्हातारीने फुटक्या मडक्यातली राख पुढे केली. तिच्यात तिने तूर घोळून ठेवली होती. शेजारच्या दोन घरांतही तीच राख निघाली, मध्ये मध्ये कोळशाचे काळे खडे. लॉरी कधी आली होती, असे विचारल्यावर म्हातारी म्हणाली की गुरे दुपारच्या पाण्याला विहिरीवर आली आणि लॉरी बघून बुजली, तिलाच ती आवरावी लागली. मी खबऱ्याकडे वळून त्याने पाहिलेली वेळ पुन्हा विचारली. रनाळे तिथून चांगले लांब. एक लॉरी एकाच वेळी दोन ठिकाणी उभी राहत नाही, हे त्यालाही समजत होते. त्याने तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर बसकण मारली.

पुढे फार कष्ट पडले नाहीत. खबऱ्या हा शेठच्या गोदामातल्या मुकादमाचा साडू निघाला. मुकादमाने लॉरी भरताना गठ्ठे कमी चढवले, ताडपत्रीच्या दोऱ्या स्वतः आवळल्या आणि ड्रायव्हरला दोरीला हात लावू नको म्हणून बजावले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे झाले. आम्ही रस्त्यावर शोधत हिंडत होतो आणि गठ्ठे शेठच्याच गोदामात सरकीच्या ढिगाखाली होते. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला, मुकादमाला अटक केली. ड्रायव्हरला सोडले.

बाहेर येऊन त्याने बायकोला पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. समोर शेठ बसला होता. आता चोरी नव्हती, पण नियम मोडला होता. शेठ म्हणाला, माणूस प्रामाणिक आहे हे कबूल, पण त्याने इतके दिवस माझ्यापासून चोरून बाई फिरवली, त्याला मी ठेवणार नाही. मी शेठला एवढेच सांगितले, की तुमचे कापड या बाईमुळे मिळाले, आणि त्या रस्त्यावर तुमची लॉरी तुमच्या नावाने नाही, हिच्या नावाने ओळखतात. शेठने टोपी काढून हातात घेतली. मग त्याने तिलाच विचारले, भट्टीत कोळसा कोण भरते?

“मीच भरस, शेठ. त्यासना हात स्टेअरिंगवर ऱ्हातस.”

शेठ उठला. दाराशी जाऊन थांबला.

“मंग आते नाक्याना पुढे चढानं नही,” तो तिला म्हणाला. “मन्ही गाडीमा कोनी लपीसन बसानं नही.”

ती पदर तोंडाला लावून रडली. ड्रायव्हर कोणाकडे पाहावे ते न कळून माझ्या टेबलाकडे पाहत राहिला. मलाही भरून आले होते, ते मी कागद चाळण्यात लपवले.

खटल्यासाठी दोघांचे जबाब साक्षीदार म्हणून नव्याने घ्यायचे होते. पुन्हा तोच प्रश्न आला, राहणार कुठले? हवालदाराने सवयीने बापाचे गाव लिहायला टाक उचलला. मी त्याला थांबवले आणि ड्रायव्हरलाच विचारले. त्याने मान वर ठेवून तेच उत्तर दिले, गाडीच घर. मी सांगितल्याप्रमाणे हवालदाराने लिहिले: राहणार लॉरीवर, पत्नीसह. पुढे कोर्टात वकिलाने त्यावर थट्टा केली, पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते तसेच राहू दिले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. तपासात एखादी वस्तू जागेवर सापडली नाही, तर ती नव्हतीच असे धरून चालू नये. कामाची वस्तू रस्त्यावर पडून राहत नाही, कोणीतरी ती घरी नेते. ते घर कोणाचे, हे विचारायला पोलिसाला रस्त्यावरून खाली उतरावे लागते.

माझी बदली होईपर्यंत ती लॉरी आठवड्याच्या आठवड्याला ठाण्यासमोर थांबत असे. पोलीस लाइनीतल्या बायका भांडी घेऊन आधीच उभ्या असत. ती पुढच्या सीटवरून घमेले घेऊन उतरे आणि सगळ्यांना राख वाटे. तिच्या हातची राख संपेपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवत नसे.