पाजणीचा रविवार

आमच्या गल्लीतला पहिला बी.ए. मी. आमच्या ख्रिस्ती मंडळीतलाही पहिलाच. हे मी आधीच सांगतो, कारण त्या वर्षी मला त्याचा गर्व होता आणि अजूनही थोडा आहे. कोल्हापूरला चार वर्षं काढून परत आलो तेव्हा बेळगावच्या मिशन हायस्कुलात मला मास्तरकी मिळाली. मिशनच्या कंपौंडात राहायला दोन खोल्या मिळाल्या. वर्षाच्या आत मंडळीचा चिटणीसही झालो. बंगल्यातल्या मिशनरी साहेबाला इंग्रजीत पत्र लिहायचं, सभेचं वृत्त लिहायचं आणि दर तीन महिन्यांनी येणाऱ्या प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या आठवणीची भाकर कोणी घेतली, कोणी नाही, याची वहीत खूण करायची, हे माझं काम. अक्षर चांगलं होतं. आवाजही चांगला होता.

आईबाप मात्र बेळगावाला लागून असलेल्या शहापुरातच राहिले. आप्पा जातीनं आणि धंद्यानं विणकर. मी दोन वर्षांचा असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण गल्ली सोडली नाही. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि धोटा इकडून तिकडे टाकताना तोंडानं प्रार्थना चाललेली असायची. आमच्या घरात प्रार्थनेला वेगळी वेळ नव्हती. सूत तुटलं की ती थांबायची, सांधलं की पुढं चालू.

पाजणी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लुगड्याचा उभा ताणा मागावर चढवायच्या आधी त्याला खळ पाजावी लागते. सगळा ताणा गल्लीभर बांबूच्या कैच्यांवर ताणून धरायचा, त्यावर ज्वारीच्या पिठाची खळ मारायची आणि दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहून मोठे कुंचे फिरवत पुढं-मागं चालायचं. हे सगळं ऊन तापायच्या आत व्हायला हवं. खळ वाळली आणि कुंचा थांबलेला असला, तर धागे एकमेकांना चिकटतात आणि महिन्याभराचं सूत वाया जातं. याला आठ-दहा माणसं लागतात. एका घरात एवढी माणसं नसतात, म्हणून गल्लीनं पाळी लावलेली. आज तुमच्या ताण्याला मी, उद्या माझ्या ताण्याला तुम्ही.

आप्पांनी धर्म घेतला त्या वर्षी आमच्या ताण्याला कोणी आलं नाही. आई सांगायची, दोघंच इकडून तिकडे पळत होतो आणि डोळ्यांदेखत सूत चिकटत होतं. अर्धी गल्ली दारात उभी राहून बघत होती. तेवढ्यात समोरच्या घरातला मालक, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, कुंचा घेऊन उतरला. म्हणाला, "देव तुझा तू बघ गड्या. सूत वाळाय लागलंय." मग एकेक करून बाकीचे आले.

रविवारी काम करायचं नाही हा मंडळीचा नियम, त्याची अडचणही अण्णानंच सोडवलेली. कुणाची पाळी रविवारी आली की आप्पांच्या जागी तो उभा राहायचा आणि त्याच्या जागी आप्पा सोमवारी. वीस वर्षं असं चाललं. मंडळीतल्या कुणाला त्यात बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी पावसाळ्यात अण्णा गेला. मागं त्याची बायको. ती आमची समोरची आक्का. पोरबाळ नाही. माग तिनं बंद केला नाही, स्वतः बसायला लागली. दिवाळीच्या आधी तिच्या ताण्याची पाळी आली ती नेमकी रविवारी. बदलून घ्यायला तिच्या बाजूनं बोलणारं गल्लीत कोणी उरलं नव्हतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी शहापूरला यायचो, रविवारी सकाळी तिथूनच मिशनच्या देवळात जायचो. त्या रविवारी उजाडता उजाडता मी दारात केस विंचरत उभा होतो. समोर ताणा पसरलेला. माणसं मोजली तर सहा. आप्पा सातवे. ते मला न सांगताच कुंचा घेऊन गेले होते. मी बघतोय हे त्यांनी पाहिलं, पण हाक मारली नाही. हाक आक्कानं मारली.

"काय रं बी.ए., कुंचा धराय येतोय का इसरलास कालिजात?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "त्याच्या हाताला आता शाई लागती गं आक्का, खळ कशाला लावतीस?"

मला राग आला. धोतर खोचलं आणि गेलो. खरं सांगायचं तर दयाबिया काही मनात नव्हतं, चिडून गेलो. पण तासभर कुंचा फिरवला तो चांगला फिरवला. आक्का म्हणाली, "न्हाय इसरला बरं का." मग मी घड्याळ बघितलं, आडावर हात घासले, कोट चढवला आणि वेळेच्या आधी देवळात जाऊन पहिल्या बाकावर बसलो. ताण्याची शेवटची टोकं अर्धी टाकून येता येत नाही, म्हणून आप्पा राहिले. ते आले तेव्हा उपदेश निम्मा झाला होता. मागच्या बाकावर टेकले. कोपरापर्यंत पांढरी खळ वाळलेली.

त्यांच्या शेजारी मंडळीच्या पंचांपैकी एक बसले होते. मिशन दवाखान्यातले जुने कंपौंडर. त्यांनी त्या हातांकडे बघितलं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्याआधीच्या शुक्रवारी आमच्याकडे तयारीची सभा व्हायची. पाळक, म्हणजे मंडळीचे पाद्री, एकेकाला उभं करून विचारायचे, कुणाशी भांडण उरलंय का, रविवारचा दिवस पाळला का, मनात काही राहिलंय का. चूक असेल तर ती तिथंच कबूल करायची आणि मोकळं व्हायचं. जो कबूल करत नाही त्याचं नाव रविवारी चिटणीस सगळ्यांसमोर वाचायचा आणि कबूल करेपर्यंत तो भोजनाला बसू शकत नसे. आमचे पाळक नगरकडून आलेले, मनाचे वाईट नव्हते. मंडळी लहान, बंगल्यातल्या साहेबाचं लक्ष, त्यामुळं शिस्तीला जपायचे. माग त्यांनी बाहेरून बघितला होता, एवढंच.

मी टेबलाशी वही घेऊन बसलो होतो. आप्पांची पाळी आली.

"रविवारी सकाळी आपण कुठं होता?" पाळकांनी विचारलं.

"पाजणीला हुतो."

"कुणाच्या?"

"समोरच्या आक्काच्या."

"म्हणजे कामावर."

"काम तर काम म्हणा."

"आप्पा, तुम्ही जुने माणूस. एवढं म्हणा की चुकलं. विषय संपला."

आप्पांनी हात जोडले. मग म्हणाले, "चुकलं असतं तर म्हटलं असतं जी."

कंपौंडर पुढं झुकले. "आपल्यातलं आणखी कोण होतं तिथं? का तुम्ही एकटेच?"

माझ्या हातातली लेखणी तिथंच थांबली. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "आपल्यातला म्या हुतो. बाकी गल्ली हुती."

सभा पुढं गेली. मी उठू शकलो असतो. मला बोलता येत नव्हतं असं कसं म्हणू? कॉलेजात वादसभेत बोलून मी टाळ्या घेतल्या होत्या. मी वृत्त लिहिलं. शेवटी माझ्यापाशी येऊन पाळक हळूच म्हणाले, "मास्तर, वडलांना समजवा. परवाच्या आत एक शब्द बोलले तर मी नाव वाचायला लावणार नाही."

रात्रभर डोकं चालवून मी तोड काढली. शब्बाथाच्या, म्हणजे रविवारच्या विश्रांतीच्या दिवशी दयेचं काम चालतं, हे सगळ्यांना मान्य आहे. आक्का विधवा, एकटी. आप्पांनी एवढंच म्हणायचं की दया आली म्हणून गेलो. खोटंही नाही. शनिवारी शाळा सुटताच मी शहापुरात पोचलो आणि मोठ्या हुशारीनं हे सगळं त्यांना सांगितलं. ते मागावर बसले होते. धोटा थांबवून त्यांनी ऐकून घेतलं.

"दया?" ते म्हणाले. "मला तिची दया आली व्हय?"

"तसं म्हणायचं फक्त."

"आनि अण्णा पहिल्यांदा आपल्या ताण्याला आलता, तवा त्यानं माझ्यावर दया केली व्हती का? मग वीस वर्सं म्या त्याच्या दयेवर लुगडी विणली म्हण की."

"आप्पा, शब्द आहे एक. शब्दानं काय होतंय?"

"ती समोर ऱ्हाती. उद्या तिच्या कानावर जाईल, देवळात जाऊन सांगितलं की इधवेवर दया केली. परत कुंचा घिऊन कशी येईल ती आपल्याकडं? तिची पाळी हुती. पाळीला जातंय मानूस. यात दया कुठनं आली?"

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तू लई शिकलास बाबा. खरंच दुसरं काय न्हाय का सांगाय तुज्याजवळ?"

मग मी ते बोललो जे शुक्रवारी बोलायला हवं होतं. म्हणालो, "मी पण होतो तिथं. मी सांगतो उद्या."

आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "गप बस. तुझी शाळा त्यांची, खोली त्यांची. म्या आपला खड्ड्यात बसलेला मानूस, मला कुठनं काढत्यात? तुला मी यात घालणार न्हाय." आणि धोटा परत चालू केला. धोटा चालू असला की आमच्या घरात बोलणं संपतं.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण वाटलं.

रविवारी मी वाचलं. त्या दिवशीच्या यादीत एकच नाव होतं. मी ते नीट, स्पष्ट आवाजात वाचलं, कारण वाईट वाचणं मला येत नाही. ज्यांना भोजनाला बसायची मुभा नाही त्यांनी आधी बाहेर जायचं अशी रीत. आप्पा गेले नाहीत. जागेवरच बसून राहिले, पुढ्यात भाकरीची थाळी आली तशी शेजाऱ्याकडं सरकवली. मी वहीत त्यांच्या नावापुढं फुली मारली. मग माझ्यापुढं थाळी आली. मी भाकर घेतली. माझ्या नावापुढं, घेतली अशी खूण केली.

त्यानंतर कंपौंडाचं फाटक, शाळेची घंटा, माझ्या दोन खोल्यांची पांढरी भिंत, या सगळ्यांचा मला त्रास व्हायला लागला. शनिवारी गल्लीत गेलो तर तिथंही बरं वाटेना. तिथं सगळे मला बी.ए. म्हणून हाक मारायचे, आक्का हसून ताक द्यायची. तिला काही माहीत नव्हतं. आप्पांनी सांगितलंच नव्हतं.

तीन महिन्यांनी परत तयारीचा शुक्रवार आला. शेवटी पाळकांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "मास्तर, तुमच्या मनात काही?" खरं तर माझ्या उत्तरासाठी ते थांबतही नसत. मी उभा राहिलो.

"त्या रविवारी पाजणीला मीही होतो. तासभर कुंचा धरला होता. वडलांवर कारवाई झाली, माझ्यावर व्हायला हवी."

 कंपौंडर खाली बघत राहिले. पाळकांनी चष्मा काढून पुसला. "तासभर," ते म्हणाले. "आणि उपासनेला वेळेवर आलात."

"आलो."

"मग बसा."

"लिहून घ्या," मी म्हणालो.

"लिहिणारे तुम्हीच आहात मास्तर. आणि हे लिहायचं नाही. पुढच्या आठवड्यात शाळा तपासायला इन्स्पेक्टर येतोय. साहेबांना मी काय सांगू, चिटणीसच भोजनाला बंद केला? तुमच्या जागी कोण आहे आमच्याकडं?" मग थोडं मऊ होऊन, "तुम्ही बोललात. देवानं ऐकलं. पुरे."

"मग आप्पांचंही देवानं ऐकलंच असेल."

"ते चुकलं म्हणाले नाहीत. तुम्ही म्हणालात."

मी असं म्हणालो नव्हतो. 'होतो' म्हणालो होतो, 'चुकलं' म्हणालो नव्हतो. पण त्यांनी पुढचं गीत सांगितलं आणि सगळे उभे राहिले.

आप्पांना शनिवारी सांगितलं. त्यांना आनंद होईल असं मला उगीच वाटलं होतं. ते म्हणाले, "तवाच उटला असतास तर दोघं संगं बसलो असतो मागं. आता तुजं मन हलकं झालं, दुसरं काय?"

"झालं नाही," मी म्हणालो.

"न्हाय ना? मग बरं हाय." आणि बऱ्याच महिन्यांनी ते माझ्याकडं बघून हसले.

त्या रविवारी थाळी आली तेव्हा मी घेतली नाही, पुढं सरकवली. बायकांच्या बाजूनं आई बघत होती. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "दोघंबी उपाशी. मग मी एकटीच जेवायची व्हय देवाच्या ताटावर?"

"तू कशाला सोडतीस?"

"सोडतीया कोन? मी घेनार. तुमच्या दोघांच्या वाटचं बी मीच मागून घेते. देव काय तुमच्या पंचांसारका मोजतो व्हय?"

मी अकरा वर्षं चिटणीस होतो. त्या अकरा वर्षांत आप्पांनी 'चुकलं' हा शब्द कधी उच्चारला नाही आणि रविवारची उपासना कधी चुकवली नाही. गल्लीत पाळी असली की मात्र उशिरा यायचे. पाळक बदलून गेले, दुसरे आले, त्यांनीही जुनी वही बघून यादीत तेच नाव ठेवलं. माझी बदली झाली नाही, खोल्या तशाच राहिल्या, शाळेत मी वर चढत गेलो. थाळी मी दर वेळी पुढं सरकवत राहिलो. कोणी विचारलं नाही, कारण कोण घेत नाही ते बघायचं काम माझंच होतं.

उपासना संपली की मी वही उघडायचो. आप्पांच्या नावापुढं फुली. मग आईच्या नावापुढं खूण. आणि खाली चिटणीस म्हणून माझं नाव होतं, त्याच्यापुढं, माझ्याच हातची, घेतली अशी खूण.