रेषेच्या टोकाला मी

"बीबीजी, दोनों गुर्दे जवाब दे गए हैं," सरदारजी डॉक्टर म्हणाले. माझ्या सुजलेल्या पायावर त्यांनी बोट दाबलं होतं, तो खड्डा अजून तसाच होता.

आजाराचं नाव क्रॉनिक रीनल फेल्युअर, म्हणजे मूत्रपिंडं हळूहळू कायमची निकामी होणं. उपाय दोनच. जन्मभर डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त गाळून घेणं, नाहीतर कुणाची तरी किडनी. सोलापूरहून दादाने ट्रंक कॉल केला. म्हणाला, "माझी घे."

आमचे हे चंदिगडला विद्यापीठात गणित शिकवायचे. बायको आजारी पडल्यावर यांनी काय काढावं, तर आलेखाचा कागद! पहिल्या काही महिन्यांचा खर्च मांडून एक्स्पोनेन्शियल रेषा ओढली. वाढ आधीच्या खर्चाच्या पटीत होते, म्हणून ही रेषा आधी रांगते आणि मग ताडासारखी उभी चढते. "ऑपरेशननंतरची औषधंही अशीच महागणार," हे म्हणाले. "दादांना उगाच कापून घ्यायला लावू नये."

वॉर्डात भेटायला आलेले यांचे सहकारी माझी चौकशी उरकायचे आणि कागदावर वाकायचे. "क्या फिट आया है, यार!" रेषा आकड्यांवर चपखल बसल्याचं ते कौतुक ऐकून मला शिसारी यायची.

त्या महिन्यांत वरचेवर कर्फ्यू असे. आम्ही राहायचो त्या मनीमाजऱ्याहून बस बंद. टॅक्सीवाला मागेल ते भाडं. डायलिसिसला मोठ्या इस्पितळापर्यंत पोचता आलं नाही की जवळच्या खाजगी नर्सिंग होममध्ये दामदुप्पट. पंजाब पेटला होता आणि यांनी तो माझ्या मूत्रपिंडांच्या नावावर मांडला होता.

"अहो, कर्फ्यू काय माझ्या किडनीमुळे लागतो?" मी विचारलं.

"आकडे ते आकडे," हे म्हणाले आणि कागद डॉक्टरांना दाखवायला घेऊन आले. कौतुकाच्या अपेक्षेने!

डॉक्टरांनी नीट पाहिला. "प्रोफेसर साहब, ये लाइन रुकती कहाँ है?"

"रुकती नहीं."

"मरीज़ रुक जाता है जी. भाई को बुलाइए."

यांनी कागदाची घडी घातली. दादा आला, ऑपरेशन झालं. औषधं महागडीच होती, पण ताडावर काही चढली नाहीत. दादाचं ऋण या जन्मात फिटायचं नाही. तुमच्या घरात असा कागद निघाला, तर आधी विचारा, कुठले महिने धरलेत? आणि पेशंटच्या खाटेशी बसून तो कुणाला वाचू देऊ नका.

पुढे यांनी तेच उदाहरण वर्गात घेतलं. एका मुलीने विचारलं, "सर, उस पेशंट का क्या हुआ?" हे म्हणाले, "घर पे है. चाय बना रही होगी." वर्ग खूप हसला, असं घरी येऊन यांनीच मला हसत सांगितलं.

त्या संध्याकाळी मी चहा केला नाही.