हुकमाचा ग्लिम

जेबेझ स्टॅनर्ड याने समुद्र सोडला होता. समुद्राने मात्र त्याला सोडले नव्हते. रॉदरहाइथच्या धक्क्यामागच्या गल्लीत खोली घेऊन तो स्थिरस्थावर झाला, त्यालाही बरीच वर्षे लोटली होती. तरीही तो पाय फाकून असा चाले, की जणू लाट आली तर फरसबंदीच कलंडेल. दाराला उत्तम कडी असताना तो दार दोरीने बांधी, आणि त्याच्या गाठी त्याच्यावाचून कोणाला सुटत नसत. उभा जन्म त्याने जहाजावरचे दिवे सांभाळण्यात घालवला होता. काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, तेल भरायचे आणि हुकूम होताच सारे मालवायचे, हे त्याचे काम. असे काम करणाऱ्याला जहाजावर कोणी नावाने हाक मारीत नाही. त्याला नुसते ‘दिवे’ म्हणतात. ‘ए दिवे, इकडे मर!’ ही हाक जेबेझच्या अंगात इतकी मुरली होती, की बाजारात कोणी दिव्यांचा भाव विचारला तरी तो ‘आलो, साहेब!’ म्हणून वळे.

अशा या जेबेझच्या मनात उतारवयात लग्नाचा विचार आला. तो ज्यांच्यामुळे आला त्या मिसेस केझाया पमरी गल्लीच्या तोंडाशी चहाचे दुकान चालवीत. त्या विधवा होत्या, स्वभावाने टणक होत्या, आणि त्यांच्या हातच्या शहाजिऱ्याच्या केकची कीर्ती नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत पोहोचली होती. जेबेझ रोज दुपारी तेथे जाई, खिडकीशेजारची ठरलेली जागा धरी आणि हवेविषयी बोले. बाईही हवेविषयी बोलत. हवेचा विषय जेव्हा पुरता संपला, तेव्हा दोघांच्याही ध्यानात आले की आता लग्नाविषयी बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या दिवशी बाईंनी केकची जाडशी फोड स्वतः आणून त्याच्यापुढे ठेवली. जेबेझ बोलण्याच्या भरात होता. त्याने फोड उचलली, मेजाच्या कडेवर टक् टक् आपटली, उलटी करून पुन्हा आपटली आणि मग तोंडात घातली. जहाजावर बिस्किटातले किडे झाडल्याशिवाय कोणी घास घेत नाही. त्याच्या हाताने तेच केले.

शेजारच्या मेजांवरची माणसे वळून पाहू लागली.

“मिस्टर स्टॅनर्ड,” बाई म्हणाल्या, “माझ्या केकमध्ये किडे आहेत का?”

“छे छे! शहाजिरेच आहेत. चांगले दिसतायत.”

“मग काय झाडलंत?”

कोपऱ्यात बसलेला नोल कॅचपोल पोट धरून हसू लागला. नोल हा जेबेझचा जुना जहाजसोबती; त्याचा एक डोळा गेला होता, पण राहिलेल्या डोळ्याला दुसऱ्याची फजिती दुप्पट दिसे. “बाई, त्याला दोष नका देऊ,” तो म्हणाला, “तो प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा आपटून उघडतो!”

बाई हसल्या नाहीत. त्यांचे पहिले यजमान एका जहाजावर खलाशांवरचे सारंग होते, आणि जमिनीवर आल्यावर त्यांनी घराचेच जहाज केले होते. ते झोपायला छताला झोळी टांगीत, जेवणाची वेळ घंटेने सांगत, आणि बटाटे सोलायचे झाले तरी ‘सगळे डेकवर!’ अशी आरोळी ठोकीत. घरात ‘सगळे’ म्हणजे एकट्या बाईच असत.

“हे बघा,” बाई मेज पुशीत म्हणाल्या, “मी एका जहाजावर एक संसार केला. दुसरा करणार नाही. शनिवारी दुपारी पाद्रीसाहेबांकडे नावं द्यायची, म्हणजे रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपल्या लग्नाची पहिली घोषणा होईल. तोवर मला तुमची एकसुद्धा जहाजी खोड दिसता कामा नये. दिसली, तर तुम्ही तुमच्या खोलीत आणि मी माझ्या दुकानात. जमिनीवरचा माणूस हवाय मला.”

“जमेल,” जेबेझ म्हणाला.

“कसलं जमतंय!” नोल म्हणाला.

तो सोमवार होता. मंगळवारपासून जेबेझने पाय जुळवून चालायला आरंभ केला आणि दोनदा गटारात पडला. दाराची दोरी त्याने सोडली. वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी बोट ओले करण्याची सवय मोडावी म्हणून तो हात खिशात कोंबून हिंडू लागला. शुक्रवार उजाडेपर्यंत तो इतका सभ्य झाला होता, की त्याला पाहून ओळखीचे कुत्रेही भुंकले.

आणि शुक्रवारीच खलाशांच्या वाचनालयात मिस्टर सेप्टिमस अॅलर्डाइस यांचे व्याख्यान होते.

अॅलर्डाइस हे निवृत्त शाळामास्तर. त्यांना शब्दांचा नाद होता, त्यातही जे शब्द शाळेत उच्चारले असता छडी बसते अशांचा. नवा शब्द सांगणाऱ्याला ते बिअर पाजीत, त्यामुळे धक्क्यावर त्यांच्याविषयी नितांत आदर होता. त्या संध्याकाळचा त्यांचा विषय होता ‘ग्लिम’ या एका शब्दाचे चरित्र. वाचनालयाची प्रथा अशी, की ज्याला उजेड हवा त्याने आपली मेणबत्ती आपण आणावी. त्यामुळे संध्याकाळी खोली गच्च भरली तेव्हा प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक ज्योत होती. मिसेस पमरी पहिल्या बाकावर होत्या. त्यांच्या शेजारी, गुडघे घट्ट जुळवून, जेबेझ बसला होता. मागच्या बाकावर नोल होता, तो केवळ जेबेझ केव्हा चुकतो हे पाहण्यासाठी आला होता.

“सज्जनहो,” अॅलर्डाइस म्हणाले, “ग्लिम म्हणजे उजेड. हा शब्द घराण्याने कुलीन आहे. चकाकणे, लुकलुकणे या अर्थाच्या आपल्या जुन्या शब्दांशी याचे सख्खे नाते. आरंभी तो नुसत्या झळाळीसाठी वापरीत. पुढे मात्र तो वाईट संगतीला लागला. चोरांनी आपल्या झाकणाच्या कंदिलाला ग्लिम म्हटले. रस्त्यात मशाल धरून वाट दाखवणारी पोरे या शब्दाने ओळखली जाऊ लागली.”

“आणि तीच पोरं गिऱ्हाइकाला आडगल्लीत नेऊन सोडायची!” कोणीसे म्हणाले.

“तेही खरे. नंतर भिकाऱ्यांनी तो उचलला. आमचे घर जळाले हो, असा खोटा दाखला दाखवून जे भीक मागत, ते ग्लिमवर निघाले असे म्हणत.”

“आमचे मेहुणे!” मागून एक बाई ओरडल्या. “त्यांचं घर चार वेळा जळलं. घर कधी नव्हतंच!”

हशा ओसरल्यावर अॅलर्डाइस पुढे म्हणाले, “आणि मुष्टियोद्ध्यांनी तर डोळ्यांनाच ग्लिम म्हटले. डोळा सुजवला, की ग्लिम विझवला.”

“माझा विझलाय तो जमैकात,” नोल उभा राहून म्हणाला, “आणि विझवणारी बाई होती!”

मिसेस पमरींनाही हसू आवरले नाही. जेबेझ मात्र हसला नाही. खलाशाचे हसणे मोठे असते, ही शंका त्याला ऐन वेळी आली होती. तो जमिनीवरच्या माणसासारखा, ओठ न उघडता, हसल्याचा आव आणून बसला. उद्या दुपारपर्यंत कसेबसे तगायचे, एवढेच त्याच्या मनात होते.

“आता,” अॅलर्डाइस म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढले, “चोरांकडून हा शब्द जहाजावर गेला आणि तेथे त्याला मान मिळाला. तेथे तो हुकमाचा शब्द झाला. तो हुकूम कसा देत असतील, याचा मी घरी सराव केला आहे.”

त्यांनी छाती भरून श्वास घेतला, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि शाळेच्या मैदानावर घडवलेला तो आवाज खिडक्यांच्या काचा हादरवीत गरजला: “मालवा ग्लिम!”

खोलीत मिट्ट काळोख झाला.

हे कोणी ठरवून केले नव्हते. जहाजाच्या ज्या तळाशी बंदुकीच्या दारूची पिंपे रचलेली असतात, तेथे हा हुकूम ऐकल्यावर कारण विचारणारा माणूस जगत नाही. म्हणून तो कानातून सरळ बोटांत उतरतो. ज्योत विझल्यावर हालायचे नाही आणि बोलायचे नाही, हाही त्यातलाच नियम. सारी खोली श्वास रोखून बसली.

“वारा आला का?” अॅलर्डाइस यांनी विचारले.

“हुकूम झाला, साहेब,” काळोखातून उत्तर आले.

“अहो, तो केवळ दाखला होता! लावा पाहू मेणबत्त्या.”

कोणीही हालले नाही.

“असं नाही, साहेब. हुकूम ज्यानं दिला त्यानंच रीतसर उठवायचा. त्याचे शब्द ठरलेले असतात.”

“कोणते शब्द?”

“ते तुम्ही सांगायचे. आम्ही सांगितले तर तो हुकूम कसला?”

“पण मला ते ठाऊक नाहीत!”

“मग बसू,” नोलचा आवाज समाधानाने म्हणाला.

जेबेझच्या बोटांना चटका बसला होता, आणि त्यावरूनच त्याला कळले की आपण वात चिमटली. चार दिवस जुळवलेले गुडघे, सोडलेली दोरी, सारे एका आरोळीत बुडाले. सगळ्याच मेणबत्त्या विझल्या आहेत, तेव्हा माझीही वाऱ्याने गेली असे सांगता आले असते. पण खिडक्या बंद होत्या, आणि खोटे बोलणे त्याला आजवर कधी साधले नव्हते.

“मिसेस पमरी,” तो कुजबुजला, “माझी विझली. म्हणजे मीच विझवली. हातानं केलं, मी नाही. पण हात माझाच आहे. तेव्हा उद्या पाद्रीसाहेबांकडे…”

“काडेपेटी आहे का जवळ?”

“आहे.”

“मग माझी मेणबत्ती लावा.”

जेबेझला प्रथम अर्थ लागला नाही. मग लागला. “तुमचीही?”

“बोलू नका जास्त. लावा.”

त्याचा हात खिशात गेला आणि तेथेच थबकला. “अजून हुकूम उठला नाही,” तो म्हणाला. उभ्या आयुष्यात हुकमाआधी त्याने ठिणगी पाडली नव्हती; वादळात पाडली नव्हती, तापात पाडली नव्हती. हुकमाविना लावलेला एक दिवा म्हणजे पाठीवर चाबूक.

“मिस्टर स्टॅनर्ड,” बाई अगदी हळू म्हणाल्या, “मला काळोखात बसायला आवडत नाही. तुम्ही त्या मास्तरांची वाट बघणार आहात, की माझी मेणबत्ती लावणार आहात?”

जेबेझने काडेपेटी बाहेर काढली. काडी फर्रकन पेटली.

खोलीभर हाहाकार उडाला. “कोण तो? हुकमाशिवाय?” “दिवे, अरे दिवे, तू? लाज सोडलीस?” “याला टांगा!” नोल तर बाकावर चढून ओरडत होता, “जेबेझ, जहाजावर असतास तर पाठ सोलली असती तुझी!”

“मी जहाजावर नाही,” जेबेझ म्हणाला. त्याने काडी वातीला लावली आणि वातीने ज्योत धरली.

त्या एवढ्याशा उजेडात त्याने मिसेस पमरींकडे पाहिले. त्या ताठ बसल्या होत्या आणि दृष्टी समोर खिळवून होत्या.

“माझी वाऱ्यानं गेली,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर ताजी काजळी होती. काजळी ओळखण्यातच जेबेझचा जन्म गेला होता. वाऱ्याने विझलेल्या मेणबत्तीची काजळी कधी बोटांना लागत नाही, हे त्याच्याइतके त्या खोलीत कोणाला ठाऊक असणार? त्याने बोटांकडे पाहिले, बंद खिडक्यांकडे पाहिले, आणि मान डोलावली.

“वारा आहे खरा,” तो म्हणाला.

बाईंनी काजळीचा हात रुमालात लपवला आणि दुसऱ्या हाताने मेणबत्ती दोघांच्या मधोमध सरकवली. “उद्या लवकर या,” त्या म्हणाल्या. “पाद्रीसाहेब दुपारी झोपतात.”

समोरच्या काळोखात अॅलर्डाइस एकामागून एक शब्द उच्चारून पाहत होते, आणि प्रत्येक वेळी सारी खोली एकमुखाने ‘हा नव्हे, साहेब!’ म्हणून ओरडत होती.