सत्त्वाच्या आक्का

२३ एप्रिल १९९७. टेबलावर निळं पॉपलीन पसरून मी माझ्या लेकीचा, तेजूचा फ्रॉक बेतत होते आणि सत्त्वाच्या आक्का उंबऱ्याशी फतकल मारून तिला वाटीतलं सत्त्व भरवत होत्या. भरवण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे पोरीचं मनगट अंगठ्यात आणि करंगळीत धरून पाहिलं. कुठलंही मूल भेटलं की त्याचं नाव विचारायच्या आधी आक्का मनगट धरायच्या. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीतलं एकही पोर त्यातून सुटलं नव्हतं. एकदा पोस्टमनबरोबर त्याचा भाचा आला होता, तर पत्र बाजूला राहिलं आणि आधी भाच्याचं मनगट. लगेच निकाल: "दीड महिना लागंल. रोज सकाळी पाठवून दे."

सत्त्व म्हणजे गव्हाचं. खपली गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून, चोथा टाकून द्यायचा. खाली बसलेला पांढरा साका उन्हात वाळवून वस्त्रगाळ करायचा आणि दुधात शिजवून अशक्त मुलाला द्यायचा. आक्कांच्या घरी कायम एक पातेलं भिजत असायचं. झाकण उघडून वास घेतला की अजून किती तास हवेत ते त्या सांगायच्या, आणि कधी चुकल्या नाहीत. गल्लीतले तीस-पस्तीस वर्षांचे बाप्येही त्यांच्या सत्त्वावर वाढलेले होते. पैसे कुणी काढले तर म्हणायच्या, "पैशाचं सत्त्व पोटात बसत न्हाय."

त्या मूळच्या सीमेकडच्या. लिंगायतांचं खातंपितं घर, शेती आणि दुकान दोन्ही. नवरा गेल्यावर पुतण्याकडे आल्या. त्याचा गुळाचा व्यापार होता आणि आमच्या समोरच घर. घरात कानडी, बाहेर मराठी. मला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. वयाने मी त्यांना लेकीसारखी होते, पण तंगी म्हटल्यावर हक्काने रागावता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना एकच मुलगा झाला होता, बसू. तो चौथं वर्ष सरता सरता गेला. ही गोष्ट त्या न रडता, एका वाक्यात सांगायच्या: "त्याला सत्त्व लावायला मला उशीर झाला." आक्कांनी उरलेलं आयुष्य त्या एका वाक्यावर काढलं होतं. आपल्या पोराला उशीर झाला, दुसऱ्याच्या पोराला होऊ द्यायचा नाही.

तर त्या दिवशी मी तेजूची मापं घेतली. मी मुलींच्या शिवणशाळेत शिकवायचे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची मापं वहीत लिहून ठेवायची सवय. दिवाळीच्या फ्रॉकचं पान उघडलं. उंची तीच. खांदा तोच. कंबर मात्र दोन इंच जास्त. मी पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं. सव्वातीन वर्षांची पोर सहा महिन्यांत दोराभरही वाढली नव्हती, नुसतं पोट वाढलं होतं. आक्कांना वही दाखवली. त्यांना वाचता येत नसे, पण ऐकून त्या म्हणाल्या की सत्त्व कमी पडतंय. दुसऱ्या दिवसापासून एका वाटीच्या दोन झाल्या. मी हो म्हटलं होतं, हेही इथे लिहून ठेवते.

पुढच्या दोन महिन्यांत तेजू अंथरुणाला लागली. दिवसातून सहा-सात वेळा जुलाब, सगळ्यावर चिडचिड, दंड माझ्या दोन बोटांत मावतील असे. तिचे वडील इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात होते, पाळी बदलली की त्यांचं घरी येणंही बदलायचं. मी शाळेत असले की पोर आक्कांच्या मांडीवर. शेवटी इथल्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला पुण्याला पाठवलं. तिथे नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. निदान सीलिॲक. गव्हातलं ग्लूटेन हिच्या आतड्याला सोसत नाही, तेव्हा गहू बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किट, सगळं बंद, आणि जन्मभर. मी मुद्दाम सत्त्वाचं विचारलं. घरी काढलेल्या सत्त्वात ते पुष्कळ उरतं, डॉक्टर म्हणाले, आणि हिला चिमूटभरही पुरे आहे.

आम्ही दुपारच्या एस.टी.ने परतलो. आक्का आमच्याच पायरीवर बसल्या होत्या, शेजारी झाकलेली वाटी. मला गोल गोल बोलता येत नाही. शिवण उसवायची तर सरळ उसवावी. मी पिशव्या खाली ठेवता ठेवताच सांगून टाकलं की गव्हानेच पोरीची ही दशा झाली, आता गहू घरात नको.

आक्कांनी वाटी उचलून मांडीवर घेतली. मग एकेक विचारू लागल्या. पोट फुगतं ते ह्याच्यामुळेच का? मी म्हटलं, हो. हातपाय वाळतात तेही? हो. हगवण फेसाळ, वास मारणारी? हो, तसंच म्हणाले डॉक्टर. केस विरळ होतात? होतात. पोर हसायचं बंद होतं?

त्याचंही मी हो म्हणून सांगितलं. मी तेव्हा तेजूचे मळलेले कपडे वेगळे काढत होते. आक्का काय विचारताहेत ते ऐकत होते, कुणाचं विचारताहेत ते नव्हतं ऐकत. मान वर केली तेव्हा त्या उठल्या होत्या. वाटी घेऊन त्या समोर निघून गेल्या. मग माझ्या ध्यानात आलं.

पाच दिवस आक्का दिसल्या नाहीत. गावाकडे गेल्यात, एवढंच पुतण्याची बायको म्हणाली. तोवर माझी गिरणीवाल्याशी जुंपली होती. त्याच्याकडे एकच चक्की. गहू दळून झाला की त्यातच ज्वारी ओतायचा, म्हणजे पहिलं शेरभर पीठ गव्हाचंच. चक्की आधी साफ कर म्हटलं तर हसून म्हणाला, "बाई, पीठ दळायचंय का सोनं गाळायचंय?" पोरीला भातावर ठेवून मी दुसरी गिरणी शोधत होते.

सहाव्या दिवशी सकाळी दारात टेम्पो थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी आक्का, मागे एक जातं आणि ज्वारीची दोन पोती. जातं उतरवून घेणाऱ्या हमालाला त्यांनी वाटेत तीनदा शिव्या घातल्या, आणि ते आपल्या घरी न नेता आमच्या मागच्या पडवीत मांडायला लावलं. गिरणीचं भांडण त्यांनी पुतण्याकडून फोनवर ऐकलं होतं. मी विचारलं, हे कुणाचं.

"आमच्या गड्याच्या घरचं," आक्का म्हणाल्या. "ह्याच्यावर गहू कधी पडलेला न्हाय. त्यांच्यात कुठला आलाय गहू? त्याची पाच पोरं ज्वारीवर वाढली. पाचीच्या पाची हायत."

एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि खुंटा ठोकून बसवला. मी पोती आत ओढून घेतली.  बसू दुकानवाल्या घरचा एकुलता एक मुलगा, त्याला खपली गहू, गूळ घालून शिजवलेली खपलीची हुग्गी, तुपातली पोळी; आणि गड्याच्या पोरांना भाकरी.

दर तिसऱ्या दिवशी त्या दळायला येत. वय पासष्टच्या पुढे. मी दळते म्हटलं तर म्हणायच्या, "तू कापडं काप. मी दळतो की." येण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. घरात पोळ्या लाटल्या असतील तर लुगडं बदलायच्या. पुढे त्यांनी स्वतः गहू खाणं सोडलं. पुतणसुनेने कारण विचारलं, तर दात राहिले नाहीत म्हणाल्या. भाकरी त्याच दातांनी खात होत्या.

सत्त्वाच्या आक्का आता गव्हाच्या मागे लागल्या, अशी गल्लीत थट्टा व्हायची. हिंगाच्या डबीतल्या हिंगात कणीक मिसळलेली असते, हे मला डॉक्टरांनी नाही, आक्कांनी सांगितलं. शाहूपुरीतल्या एका मसालेवाल्याच्या मागे लागून त्यांनी ते काढून घेतलं होतं. मग त्या वर्षीची आमची चटणी बिनहिंगाची झाली. कसबा बावड्याला एका लग्नात त्या थेट आचाऱ्याकडे गेल्या आणि आमटीत काय काय घातलं ते विचारलं. तो वैतागून म्हणाला, "पावणं, तुमी जेवायला आलाय का तपासणीला?" आक्का म्हणाल्या, "तपासणीला. जेवण बांधून आनलंय." तेजू त्यांच्या शेजारी बसून भाकरी आणि पिठलं खात होती. समोर हुग्गीची पातेली फिरत होती. आक्कांनी ती पाहिली नाहीत, की पाहून न पाहिल्यासारखं केलं, मला सांगता येणार नाही.

पोर सुधारली. वर्षभरात वहीतल्या पानावर उंची चार इंचांनी पुढे गेली. आक्कांचं पातेलं मात्र कायमचं उपडं झालं. सत्त्व मागायला आया येतच होत्या. आक्का मनगट धरायच्या, पोट चाचपायच्या, शी कशी होते ते विचारायच्या आणि म्हणायच्या, आधी डॉक्टरला दाखवा. काहींना राग यायचा. म्हातारीला आता काम नको झालंय, म्हणायच्या. तेजूसारखं मूल पुन्हा एकही निघालं नाही. मी एकदा आक्कांना समजावलं, की शंभरातल्या नव्याण्णव पोरांना तुमच्या सत्त्वाने बरंच वाटलं आहे. त्या म्हणाल्या, "शंभरावं माझं व्हतं की."

त्याच दिवशी त्यांनी मला ते काम सांगितलं. "तंगी, डॉक्टरला इचार. माझ्या बसूचं हेच व्हतं का?"

पुढच्या तपासणीला मी इथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, न तपासता नक्की कसं सांगणार, पण तुम्ही सांगता ते सगळं जुळतं. बहुधा तेच असावं. घरी येऊन मी आक्कांना सांगितलं की दवाखान्यात फार गर्दी होती, विचारायचं राहिलं. आयुष्यात मी फारसं खोटं बोललेली नाही. पुढच्या वेळी म्हटलं, डॉक्टर गावाला गेले होते. त्याच्या पुढच्या वेळी शाळेच्या परीक्षेमुळे मला जाता आलं नाही आणि आक्काच तेजूला रिक्षाने घेऊन गेल्या. नंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. म्हातारपणी विसर पडतो, हे बरंच, असं मला वाटलं. मनातून सुटल्यासारखंही वाटलं.

नोव्हेंबर २००४मध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. चार दिवस दवाखान्यात होत्या. मी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तेव्हा त्यांना धाप लागत होती. तेजू शाळेतून आली का विचारलं. मग म्हणाल्या, "पीठ परवापतूर पुरंल." दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. पावणेअकरा वर्षांची तेजू माझ्याजवळ नाही, त्यांच्या पुतणसुनेजवळ जाऊन रडली. मी तिला समजावायला कमी पडते, हे तिला ठाऊक असावं.

पाचव्या दिवशी तेजूची सहामाही तपासणी होती. पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता. वजन, उंची, रक्त सगळं ठीक. डॉक्टरांनी आजींची चौकशी केली. मी सांगितलं. ते पेन खाली ठेवून म्हणाले की आता सांगायला हरकत नसावी. सहा वर्षांपूर्वी आजी एकट्या मुलीला घेऊन आल्या होत्या, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाचं विचारलं होतं. डॉक्टरांनी मला दिलं तेच उत्तर त्यांना दिलं होतं.

मी विचारलं, त्या काय म्हणाल्या.

"मुलीचं मनगट धरून पाहिलं," डॉक्टर म्हणाले. "मग विचारलं, ज्वारीचं पीठ दळल्यावर किती दिवस चांगलं राहतं. मी म्हटलं, ताजं असलेलं बरं. जाताना दारातून वळून म्हणाल्या, तंगीला सांगू नका. ती मला सांगायचं टाळतीया. मला कळलंय म्हटल्यावर तिला वाईट वाटंल."

सहा वर्षं. दर तिसऱ्या दिवशी. मी आत मशीनवर असायचे, मागून जात्याची घरघर यायची, आणि मला वाटायचं की आपण एका म्हातारीपासून एक गोष्ट लपवून ठेवली आहे.

घरी आल्यावर तेजूला काही सांगितलं नाही. त्या रात्री आम्ही भात खाल्ला. पीठ संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला उठले, कोपरापर्यंत हात धुतले आणि पडवीत दळायला बसले. पहिल्या खेपेला दाणे जास्त पडले, पीठ भरड आलं. ते बाजूला ठेवलं. दुसऱ्या खेपेला मूठ लहान केली. तरी हवं तेवढं बारीक झालं नाही, पण भाकरी थापता आली. साडेसातला तेजूच्या डब्यात दोन भाकऱ्या घातल्या. ती म्हणाली, कडेने चिरल्यात. मी म्हटलं, खा. तिने खाल्ल्या.